कामी आलेले

बंदरावरील स्मारकाची काळी शिळा पाथरवटाच्या अंगणात उताणी पडली होती. एकोणीस नावे कोरून झाली होती; खडूने लिहिलेल्या मथळ्यावर मात्र अद्याप छिन्नी पडली नव्हती. ‘माणसे आधी, मथळा मागाहून’ ही त्याच्या वडिलांची शिस्त. मथळा असा होता: ‘समुद्रात बुडालेल्या खलाशांस’.

यादीत त्याच्या थोरल्या भावाचे नाव नव्हते. हे शल्य त्याने मुकाट्याने गिळले होते. वहिनींनी गिळले नव्हते.

दुपारी बंदर-कचेरीचा कारकून काम तपासावयास आला, तो वहिनी शिळेपाशी ठाण मांडून बसलेल्या.

“बाई, नियम काही माझा नाही,” कारकून म्हणाला. “मथळा बुडालेल्यांचा आहे. तुमचे यजमान इस्पितळात, कोरड्या खाटेवर गेले.”

“ते बुडाले नाहीत, कारण त्यांनी जहाज बुडू दिलं नाही! इंजिनघरात पाणी शिरलं, तेव्हा वाफेत उतरून झडपेचं चाक कोणी फिरवलं? बावीस माणसं सुखरूप घरी आली. ती बुडाली असती तर मावली असती का तुमच्या शिळेवर?” मग त्या दिराकडे वळल्या. “आणि भावोजी, तुमच्या हातात छिन्नी आहे की लाटणं?”

पाथरवटाच्या डोळ्यांपुढे ती खाट उभी राहिली. पट्ट्यांत गुंडाळलेले दादाचे हात ग्लानीतही हवेत चाक फिरवीत होते. “फिरलं का रे पुरतं?” दादाने विचारले होते, आणि उत्तराऐवजी ह्याने त्याच्या ओठांना पाण्याचा बोळा लावला होता.

त्याने ओले फडके घेतले, मथळा पुसला आणि वळणदार अक्षरांत लिहिले: ‘समुद्रावर कामी आलेल्यांस’.

“अहो, कामी येतात ते लढाईत!” कारकून दचकला.

“मग समुद्रावर काय हवा खायला जातात?” वहिनी म्हणाल्या.

कारकुनाने ती ओळ दोनदा वाचली. तदनंतर त्याने टोपी काढली. “बाई, हा शब्द आम्हाला सुचायला हवा होता. साहेबांची सही मी आणतो. नाही आणली, तर तोंड दाखवणार नाही.”

दिवस मावळण्यापूर्वी तो सही घेऊन धापा टाकीत परतला. पाथरवटाने विसावे नाव कोरावयास घेतले. वहिनी पदराने दगडाची भुकटी झटकीत होत्या.

“खोल कोरा, भावोजी.”

शेवटचा काना पुरा झाला. त्या खाचेवरून बोट फिरवीत तो पुटपुटला, “फिरलं, दादा. पुरतं फिरलं.”