गोमाबाची अर्धी करवंटी

गोमाबाची करवंटी मी एकदा पाण्याने भरून मोजली होती. सव्वादोनशे घन सेंटिमीटर. पोशीरच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे. तिथे लग्न लागण्याआधी गोमाबा ही करवंटी मोहाच्या दारूने काठोकाठ भरून घ्यायचा, एका दमात रिकामी करायचा आणि मग दोन्ही घरांच्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायचा. सात पिढ्या नवऱ्याकडच्या, सात नवरीकडच्या. वाडीची समजूत अशी, की ही नावं गोमाबा घेत नाही. दारूबरोबर त्याच्या अंगात उतरलेले पूर्वजच ती सांगतात. त्यामुळे करवंटीत थेंबभरही कमी चालत नसे. मी लहान असताना त्याने एका दिवसात तीन लग्नं लावली होती. तीन करवंट्या, बेचाळीस नावं, आणि चूक एकही नाही.

१९२७च्या चैत्रात तो पहिल्यांदा चुकला, तोही एकाच करवंटीवर. जिभेला जडपणा आला, मांडवाच्या मेढीचा आधार घ्यावा लागला आणि मेलेल्यांच्या नावांत त्याने नवरीचा आजा गजा याचं नाव घेतलं. गजा समोरच बसलेला होता. तो हसून म्हणाला, "आरं, मला जरा जेवू तरी दे, मंग धाड." सगळे हसले. नवव्या दिवशी गजा तापाने गेला.

मी बी.एस्सी.ची परीक्षा देऊन नेरळला घरी आलो होतो. आमची भातशेती पोशीरला, आणि गोमाबा माझ्या वडिलांकडे, आबाजींकडे, तीस वर्षं कामाला. ओढ्याला पाणी असलं की मला खांद्यावर घेऊन पलीकडे नेणारा तोच. त्याचा मुलगा कमळ्या घरी आला आणि त्याने सांगितलं, की वाडीत बुधीचं नाव घेतलं जातंय.

बुधी विधवा होती. लग्नाची दारू पंधरा वर्षं तीच गाळत होती. वाडीचा कारभारी पदू म्हणत होता, की तिने त्या दिवशीच्या मडक्यात धोतरा घातला. वैशाखात पुढचं लग्न होतं. त्याआधी तिने वाडी सोडायची, असं ठरत आलं होतं.

मला ही गोष्ट सोपी वाटली. धोतरा होता की नव्हता, एवढंच तपासायचं. भीतीने कोणी हात न लावलेलं ते मडकं अजून अर्धं भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी काचेचं उपकरण घेऊन वाडीत गेलो. आधी दारूची तीव्रता पाहिली. शंभरात चोवीस भाग. बुधीने गाळलेली दुसरीही पाहिली, तीही तेवढीच. मग मडक्यातली थोडी दारू गरम पाण्यावर ठेवलेल्या ताटलीत आटवली. तळाशी उरलेल्या पाण्याचा थेंब एका मांजराच्या उजव्या डोळ्यात घातला आणि डाव्या डोळ्यात धोतऱ्याच्या बियांचं पाणी. सगळी वाडी भोवती बसली होती. अर्ध्या तासात डाव्या डोळ्याची बाहुली पसरून काळीभोर झाली. उजवी होती तशीच राहिली.

मी पदूला म्हणालो, पाहा, दारू स्वच्छ आहे.

पदूने मांजराचं तोंड उजेडाकडे वळवून दोन्ही डोळे नीट पाहिले. मग तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमी म्हनता त्ये खरं. दारूत काय नाय. मंग जे काय हाय त्ये हिच्यातच हाय."

बुधी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. धोतऱ्याचा आळ होता तोवर तो निदान माणसाने माणसावर घेतलेला आळ होता. मी तो पुसून टाकला आणि करणीला जागा करून दिली.

त्या दिवशी परतताना मी गोमाबाला बरोबर खाली आणलं. वाटेत त्याला बरंच विचारलं. दोन वर्षांपासून हात कापतात, हे त्याने कबूल केलं. पूर्वी दोन करवंट्या पिऊन तो पहाटे लाकडाला जायचा. आता अर्ध्या करवंटीनंतरही दुसऱ्या दुपारपर्यंत डोकं धरून बसावं लागतं. आमच्या खळ्यात भाताचा काटा होता. दहा वर्षांपूर्वी थट्टेत आम्ही त्याला त्यात बसवलं होतं, तेव्हा तो दीड मण भरला होता. आज पुन्हा बसवला. सव्वा मणालाही दोन शेर कमी.

मी त्याला पाण्याने भरलेला एक हंडा आणि एक लहान मडकं दाखवलं. दोन्हींत मूठमूठ मीठ टाकलं आणि चव घ्यायला सांगितलं. मी म्हणालो, दारू तेवढीच आहे, पण तू लहान झालास. आणखीही कारणं असतील. म्हातारपणी शरीर दारू सावकाश पचवत असेल, मला नक्की माहीत नव्हतं. तेही मी त्याला सांगितलं.

मडक्यातलं पाणी त्याने थुंकलं. "म्हंजी गजाला मी मारला नाय, बुधीनं पन नाय. मी म्हातारा झालो, येवढंच."

"एवढंच, गोमाबा."

"येवढंच म्हनतोस बाळ्या. ही करवंटी हातातनं गेली तर माझं काय ऱ्हातं?"

कमळ्याला अजून निम्मी नावंही येत नव्हती. मी म्हटलं, मग या वेळी अर्धीच पी. पूर्वजांच्या नावाने अर्धी जमिनीवर ओत, लोकांना तो मान वाटेल, खरं कारण कोणाला कळणार नाही. त्याला ते आवडलं नाही. पण तो नाही म्हणाला नाही.

वैशाखातल्या लग्नाच्या दिवशी मी वाडीत पोचलो तेव्हा बुधीचं खोपटं मोडलेलं होतं. कुडाच्या काठ्या रचून ठेवल्या होत्या. सकाळीच ती पाटा-वरवंटा तिथेच टाकून साजगावला भावाकडे निघून गेली होती. काल बैठकीत पदूने निर्णय दिला होता आणि गोमाबा त्या बैठकीत काही बोलला नव्हता.

दुपारी मांडवात गोमाबाने करवंटी घेतली. दारू दुसरीकडून आणलेली. मी तीही सकाळी मोजून पाहिली होती, चोवीसच भाग. त्याने अर्धी सावकाश मातीत ओतली, अर्धी प्यायली. मग उभा राहिला आणि चौदा नावं घेतली. स्पष्ट, न अडखळता, पूर्वीसारखी.

मांडवभर सुस्कारा उमटला. पदू मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "बगितलं ना? ती गेली आन् वाट मोकळी झाली."

प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे दोन बदलल्या होत्या. बुधी गेली होती आणि करवंटी अर्धी झाली होती. दुसरीचं खरं कारण फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि ते लपवायला मीच सांगितलं होतं. मी पदूकडे जाऊन बोलू लागलो. त्याने हसून माझ्या हातात पानाचा विडा ठेवला.

लग्न लागलं. जेवणं झाली. ऊन कलल्यावर गोमाबा मांडवाच्या मधोमध येऊन बसला आणि त्याने कमळ्याला करवंटी भरायला सांगितली. काठापर्यंत. कमळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने ती भरली.

गोमाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मगाशी मी अर्धी वतली. आता बगा."

ती त्याने एका दमात प्यायली. दारू चढेपर्यंत तिथेच बसून राहिला. मग स्वतःच्या घराची नावं घ्यायला लागला, जी तो झोपेतही सांगू शकला असता. चौथ्या नावाला जीभ जड झाली. पाचवं सुटलं. सहाव्याला, आज्याच्या जागी, त्याने आपल्या बापाचं नाव दोनदा घेतलं, मग थांबला, आणि आजा कोण ते त्याला काही केल्या आठवेना.

"बुधी साजगावला हाय," तो म्हणाला. "आठ कोसांवर. आता करनी कोन करतंय?"

बायका पोरांना घेऊन उठल्या. पदू जमिनीवर काडीने रेघा ओढत बसला. कमळ्याने बापाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. जाताना गोमाबाने करवंटी मुलाच्या हातात दिली नाही, मांडवाच्या मेढीजवळ ठेवली. त्यानंतर त्याने ती कधी उचलली नाही.

चार दिवसांनी तो, कमळ्या आणि मी साजगावला गेलो. तिचा पाटा-वरवंटा कमळ्याने डोक्यावरून आणला होता. बुधी भावाच्या अंगणात भात कांडत होती. गोमाबाने सगळं सांगितलं, बैठकीत गप्प बसल्याचंही. कांडणं न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"म्हातारा झालास ह्ये तुला कदी कळलं?"

"दोन वर्स झाली."

मुसळ उखळातच ठेवून ती सरळ उभी राहिली. "दोन वर्स," ती म्हणाली. "आन् माजं खोपटं मोडताना तुला त्ये आठवलं नाय."

तिने पाटा उतरवून घेतला, भिंतीला टेकून ठेवला आणि पुन्हा मुसळ उचललं. आम्हाला पाणी तिच्या भावजयीने दिलं.