हॅटपिन तळ्यातली गाय

आर्विड टोलेफसनला आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या, असं तो स्वतःच सांगत असे: बर्फाला भोक पाडून मासे धरणं आणि वर्गणी वाढू न देणं. त्यातली पहिली आता बंद होती, कारण तळ्यात पाणीच नव्हतं. आणि पाणी नव्हतं ते दुसरीमुळे. हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

हॅटपिन तळ्याभोवती एकेचाळीस घरं. तळं त्यांच्या मालकीचं, म्हणून तळ्याचा बांधही त्यांच्याच गळ्यात. आर्विड सोळा वर्षं तळ्याच्या मंडळाचा अध्यक्ष. दर उन्हाळ्यात सभा भरायची, कुणीतरी बांधाच्या डागडुजीचा विषय काढायचं, आर्विड म्हणायचा, "आपल्या आजोबांनी बांधलाय तो, आपल्याला पुरून उरेल." लोक हसायचे, वर्गणी आहे तिथेच राहायची आणि सगळे सॉसेज खायला उठायचे. गेल्या वसंतात बांध एका अंगाला खचला. राज्य सरकारच्या माणसांनी येऊन पाणी सोडून दिलं आणि हातात कागद ठेवला: ऑगस्टअखेर दुरुस्तीतला आपला वाटा उभा करा, शिवाय एकेचाळीसही घरांच्या सह्या आणा, नाहीतर बांध कायमचा काढून टाकू.

तेव्हापासून आर्विडच्या अंगात आलं होतं. त्याने पॅनकेकची न्याहारी भरवली. शुक्रवारी तळलेल्या माशांची पंगत घातली. मासे शहरातून गोठवलेले आणावे लागले, आणि ज्या तळ्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याच्याकडे पाठ करून लोकांनी ते खाल्ले. पैसे जमत आले. चाळीस सह्या झाल्या. राहिली ती शेजारच्या लाव्हॉन शेफरची.

बारा वर्षांपूर्वी लाव्हॉनने सभेत उभं राहून बांधाच्या भेगांचे फोटो दाखवले होते. आर्विडने तिला "आमच्या इंजिनिअरीणबाई" म्हणून सभेला हसवलं होतं. आता तो सहीचा कागद घेऊन गेला की ती दार उघडायची, कॉफी द्यायची आणि समोर बसून राहायची.

"सही हवी होती," तो म्हणायचा.

"ते कळलं. आणखी काही?"

"कॉफी झकास झालीय."

"बरं," म्हणून ती त्याला दारापर्यंत पोहोचवायची.

"अरे, चुकलो म्हण आणि मोकळा हो," त्याची बायको मार्लिस म्हणाली. "जीभ झडणार आहे का?"

"लोकांना हवं तेच केलं मी!"

"मग रात्रभर कूस कशाला बदलतोस?"

चुकलो म्हटलं की तळं आपणच घालवलं हे खरं ठरेल, अशी त्याला भीती वाटायची. जसं काही तोवर ते खोटंच होतं! तेव्हा माफी मागण्याऐवजी त्याने गाय आणली.

गायीचा खेळ त्या भागात कुणाला नवा नाही. मैदानावर चुन्याने चौकोन आखायचे, एकेक चौकोन विकायचा आणि गाय सोडायची. ती ज्या चौकोनात शेण टाकेल तो चौकोनवाला जिंकला. गाय एलरॉय क्नुटसनची, नाव पर्ल.

"माझ्या कुरणात खेळा की," एलरॉय म्हणाला.

"तळ्यासाठी खेळ, तर तळ्यातच झाला पाहिजे."

"जमीन मऊ असते रे तिथली."

"चाळीस वर्षं या तळ्यावर बसलोय मी. मला शिकवतोस?"

बसला होता हे खरं. दर हिवाळ्यात, बर्फावर, बादली उपडी घालून. त्याची ठरलेली जागा होती; खाली झरा होता म्हणून मासे तिथेच यायचे. तळ्याची वरची बाजू त्याला इंच न् इंच पाठ होती. तळ त्याने कधी पाहिलाच नव्हता. उन्हाळाभर त्यावर गवत माजलं होतं. जो तुकडा सगळ्यांत हिरवागार दिसला तिथलं गवत आर्विडने स्वतः कापलं आणि तिथेच चौकोन आखले. कापताना पावलं जरा दबत होती. गवत जाड आहे, असं त्याला वाटलं.

शनिवारी दुपारी सगळी वस्ती उंच उभ्या राहिलेल्या होड्यांच्या कोरड्या धक्क्यांवर खुर्च्या टाकून बसली. आर्विडने हातात भोंगा घेऊन भाषण केलं, जरा लांबलंच. पर्ल चौकोनांमधून रमतगमत हिंडली, दोन घास गवत खाल्लं, सत्ताविसाव्या चौकोनात थांबली आणि पोटापर्यंत खाली गेली.

आर्विड भोंग्यासकट धावला. तिला मागून रेटायला गेला आणि मांड्यांपर्यंत रुतला. खाली तोच झरा होता.

"हलू नकोस!" एलरॉय ओरडला.

"हलता आलं असतं तर इथे थांबलो असतो का?"

अग्निशमन दलाचे स्वयंसेवक हातातली बिअर ठेवून गाडी आणायला पळाले. कुणी फळ्या आणायला गेलं. तेवढ्यात पर्लने, ज्यासाठी तिला आणलं होतं, ते केलं. निम्मं चौकोनात, निम्मं आर्विडच्या सदऱ्यावर.

"निकाल काय, अध्यक्ष?" कुणीतरी ओरडलं, आणि चारी काठ हसले.

आर्विडलाही हसू आलं. त्याने भोंगा तोंडाशी धरला. "सत्तावीस नंबर," तो म्हणाला. मग भोंगा खाली घ्यायचा, तो त्याने घेतला नाही. "आणि ऐका. तळं मी घालवलं. लाव्हॉन बरोबर सांगत होती. मला कळत होतं ती बरोबर आहे. पण लोक हसले की मला फार बरं वाटायचं."

कुणी हसलं नाही. पर्ल तेवढी फुरफुरली.

फळ्या टाकल्या गेल्या. त्यांवरून सगळ्यांच्या आधी लाव्हॉन आली आणि त्याच्या शेजारी फळीवर बसली. वास येत होता, पण तिने नाक मुरडलं नाही.

"त्या सभेत मीही तुझ्याच बाजूने मत दिलं," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"फोटो दाखवले, खाली बसले, आणि वर्गणी वाढवू नका म्हणून हात वर केला. लीलंडची नोकरी गेली होती, नवरा घरी बसलेला. वाढीव वर्गणी आम्हाला झेपली नसती. तू हात मोजलेसच कुठे?"

"मग इतके दिवस माझ्याकडून काय ऐकायचं होतं तुला?"

"तू आधी बोललास तर मलाही बोलता येईल, असं वाटत होतं. एकटीने बोलायची छाती नव्हती. सही करते मी. पण आधी तो भोंगा दे इकडे."

त्याने दिला. तिने बाहीने तो पुसला, फळीवर उभी राहिली, काठावरच्या चाळीस घरांकडे तोंड केलं, आणि तिचा आवाजच फुटेना.

"बोल गं," खालून चिखलातून आर्विड म्हणाला. "मी आहे इथेच. जाणार कुठे?"