गोधडीची वाकडी बाजू

टेलिफोनबाई मोठ्या वन्संशी आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही एका शब्दाचं. तो शब्द होता 'हो'.

आता ही टेलिफोनबाई कोण, तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात नोकरी केलेली बाई. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी गल्लीत तिला दुसरं नाव नव्हतं. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भांडायला आलेला माणूस तिच्याशी बोलून निघाला की वाटेत थांबून आठवायचा, आपण आलो कशाला होतो. पण हाताने करायचं काम म्हणाल तर आनंदच. तिने शर्टाला लावलेलं बटण संध्याकाळपर्यंत टिकलं तर नवरा ते शेजाऱ्यांना दाखवून यायचा.

आणि असल्या बाईच्या वाट्याला नणंद कसली यावी? मोठ्या वन्सं घरात पाऊल टाकायच्या, पडद्याची कड बोटांत धरून बघायच्या, कपाटातल्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या, आणि तोंडाने चकार शब्द काढायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. बोलण्याला टेलिफोनबाईकडे उत्तर होतं, गप्प बसण्याला कुठून आणायचं?

तर झालं असं. वन्संना नात झाली आणि भेट न्यायचं ही बया साफ विसरली. स्टेशनाबाहेरच्या दुकानातून तिने घाईघाईत एक छोटी गोधडी उचलली आणि नेऊन दिली. वन्संनी ती उलटी केली. मागचे टाके चष्मा लावून बघितले, मग चष्मा काढून बघितले आणि विचारलं, "हे तू शिवलंस?" विचारताना त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. लग्न होऊन आल्यापासून टेलिफोनबाई ज्या आवाजाची वाट बघत होती तो हा आवाज. ती 'हो' म्हणून बसली. वन्संनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि झालं, बाई पाघळली.

यथावकाश हे अंगाशी आलं. येणारच होतं. थंडीच्या तोंडावर वन्संनी एक भलं मोठं गाठोडं पाठवलं आणि मागोमाग फोन केला. गाठोड्यात त्यांच्या यजमानांचे शर्ट होते. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि वन्संनी त्यातला एकही शर्ट कोणाला दिला नव्हता. "द्यायला जीव होत नव्हता," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाती देताना काही वाटलं नाही. याची मला एक गोधडी करून दे. महिनाअखेरीस न्यायला येते."

फोन ठेवून टेलिफोनबाई गाठोड्यासकट नवऱ्यासमोर येऊन बसली. नवऱ्याने वर्तमानपत्राआडून सल्ला दिला की सरळ सांगून टाक. ती म्हणाली, सांगायचं काय, की तुमच्या गेलेल्या नवऱ्याचे शर्ट तुम्ही एका खोटारडीकडे पाठवलेत? नवरा म्हणाला, असं नको सांगू. मग कसं सांगू, तर ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तो पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

गल्लीच्या टोकाला गाद्या-गोधड्यांचा एक छोटा कारखाना होता. तो चालवणारी गादीवाली ही गल्लीतली सगळ्यात तिरसट बाई. तिचा टाका म्हणजे पट्टीने आखल्यासारखा, आणि त्याचा तिला गर्व किती, विचारू नका. एका गिऱ्हाइकाने 'इथे गाठ दिसतेय' एवढंच म्हटलं, तर त्याच्या हातातून गादी हिसकावून घेऊन तिने त्याला रस्ता दाखवला होता. टेलिफोनबाई गाठोडं घेऊन तिच्या दारात उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, 'हो'सकट.

गादीवाली म्हणाली, शिवून देते, ठेवून जा. पण टेलिफोनबाईचा पाय निघेना. दुकानातली गोधडी आपली म्हणून सांगितली ती सांगितली. हे शर्टही परक्या हाताने शिवून आणायचे आणि पुन्हा पाठ थोपटून घ्यायची, एवढा निर्लज्जपणा तिला जमेना. ती म्हणाली, मला शिकवा. गादीवाली म्हणाली, मी शिकवत नाही, शिकणाऱ्यांना बघून मला डोकेदुखी होते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. गादीवालीने तो उचलला, "झाली नाही अजून, कटकट करू नका," एवढं म्हणून आपटला. असल्या बोलण्यामुळे तिची निम्मी गिऱ्हाइकं पळाली होती, हे गल्लीला माहीत होतं. फोन पुन्हा वाजला तो टेलिफोनबाईने सवयीने उचलला आणि एक्स्चेंजमधला तो मधाळ आवाज लावला. आपल्या गादीचं काम अत्यंत बारकाईने चालू आहे, आपण धीर धरलात याबद्दल आभारी आहोत, वगैरे वगैरे. पलीकडच्या माणसाने माफी मागितली आणि जाता जाता दोन उशा सांगितल्या. गादीवाली तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने सुई पुढे केली. फोन तुम्ही घ्यायचा, शिकवते मी, असा व्यवहार ठरला.

शिकणं कसलं, सुईशी मारामारी. आधी चिंध्यांवर हात बसवायचा होता. टेलिफोनबाईने शिवायचं, गादीवालीने बघायचं, नाक मुरडायचं आणि कात्रीच्या टोकाने सगळं उसवायचं, हा दिवसाचा क्रम. दुसऱ्याचा वाकडा टाका तिच्या नजरेला सहनच व्हायचा नाही. त्यात फोन खांद्याशी धरून शिवायची टेलिफोनबाईला खोड. शांत गिऱ्हाईक असलं की टाके बारीक पडायचे. तणतणणारं असलं की लांबच लांब ढांगा. गादीवाली उसवताना ओळीवर बोट ठेवून सांगायची, इथे हॉटेलवाला बोलत होता, इथून पुढे त्याची बायको आली.

एकदा तर कहर झाला. टेलिफोनबाई मांडीवर सरावाची गोधडी घेऊन मन लावून शिवत होती. फोन वाजला, ती लगबगीने उठली, आणि गोधडीही उठली. बाईने तीन ओळी स्वतःच्या गाऊनला शिवल्या होत्या. गोधडीने टेबलावरचा टाचण्यांचा डबा ओढला, डब्याने कात्री ओढली, आणि ही अशी सगळी वरात मागे घेऊन बाई फोनपर्यंत पोचली आणि अजिबात आवाज न बदलता म्हणाली, "नमस्कार, बोला." गादीवाली हसून हसून कापसाच्या ढिगात बसली. "अगं, तू माणूस आहेस की काय आहेस?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवसापासून दोघींमधलं 'तुम्ही' गेलं. कारखान्यात हसण्याचा आवाज आला म्हणून समोरचा शिंपी बघायला येऊन गेला, काही बरंवाईट तर झालं नाही ना.

शर्ट कापायची वेळ आली तेव्हा मात्र दोघींचेही हात थांबले. पहिली कात्री लावायची कोणी? निळ्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. गादीवाली म्हणाली तेवढा भाग टाकून देऊ. टेलिफोनबाई म्हणाली, अजिबात नाही. वन्संच्या यजमानांना टोपण न लावता पेन खिशात ठेवायची सवय होती आणि वन्सं त्यावरून रोज बोलायच्या. डाग राहिला. चेक्सचे, रेघांचे, पांढऱ्याचे पिवळे झालेले, असे तुकडे जुळवून दोघींनी मोठ्या फळीवर गोधडी मांडली. एक या टोकाने, दुसरी त्या टोकाने, दोघींनी मधल्या रेषेपर्यंत यायचं.

गादीवालीच्या ओळी सरळ निघाल्या, सरळ आल्या. टेलिफोनबाईच्या ओळी निघाल्या नीट, पण वाटेत कुठे कुठे फिरून आल्या देव जाणे. गादीवालीने सवयीने कात्री उचलली. टेलिफोनबाईने तिचा हात धरला. या शर्टांवर तिने बोटं टोचून घेतली होती, मान अवघडून घेतली होती, फोन बाजूला ठेवला होता. आता याहून सरळ माझ्याच्याने होणार नाही, ती म्हणाली, आणि ते खरं होतं. गादीवाली कात्री धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने कात्री ठेवली आणि दुसरीकडे तोंड करून चहा केला. तिला किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच माहीत.

महिनाअखेरीस वन्सं आल्या. घरी थांबल्या नाहीत, भावाला बरोबर घेऊन तडक कारखान्यात आल्या. टेलिफोनबाईने फोनवर आधीच मखलाशी करून ठेवली होती की गोधडी मोठी आहे, म्हणून एका मैत्रिणीच्या फळीवर तिच्या मदतीने करतेय. हे तसं खरंच होतं. अर्धं खरं बोलायची सोय हीच असते, की माणसाला झोप लागते.

वन्संनी गोधडी फळीवर पसरली. निळ्या खिशावर त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी सवयीप्रमाणे गोधडी उलटी केली. सरळ टाक्यांची बाजू बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा तुझा हात," त्या भावजयीला म्हणाल्या. "मी कुठेही ओळखीन." मग त्या दुसऱ्या टोकाला गेल्या, चष्मा लावला, काढला, आणि गादीवालीकडे बघून विचारलं, "आणि हे?"

टेलिफोनबाईने डोळे मिटून घेतले. आता गादीवाली भडकणार, वन्संना रस्ता दाखवणार आणि सगळं उघडं पडणार. नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं.

"ते माझं," गादीवाली म्हणाली. "हल्ली नीट दिसत नाही."

टेलिफोनबाईला आपल्या कानांवर विश्वास बसेना. वाचली होती ती. पुरती, सहीसलामत वाचली होती. फक्त गप्प बसायचं होतं. पण वन्संचा स्वभाव पडला काळजीवाहू. त्यांनी गादीवालीला जवळ बसवलं आणि मायेने समजावायला सुरुवात केली. डोळे गेले की हे काम सोडावं. लोक तोंडावर बोलत नाहीत, मागे हसतात. इतकी वर्षं केलंत, नाव राहील तेवढ्यात थांबावं. गादीवाली मान खाली घालून ऐकत होती. जिने 'गाठ दिसतेय' म्हणणाऱ्याला पिटाळून लावलं, ती बाई एका शाळकरी पोरीसारखी म्हणाली, "हो, बघते."

ते 'बघते' टेलिफोनबाईला सहन झालं नाही. बाकी सगळं तिने गिळलं असतं, खोटं कशाला बोला, गिळलंच होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "वाकडं आहे ते माझं. सरळ आहे ते हिचं. आणि नातीला दिली ती गोधडी दुकानातली होती. मला तेव्हा सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता."

एवढं बोलून तिचे शब्द संपले. तिचे शब्द कधी संपत नसत. वन्सं कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत, आणि या वेळच्या त्या गप्प बसण्याने टेलिफोनबाईला रडूच फुटलं. मग वन्सं उठल्या, वाकड्या बाजूकडे गेल्या आणि एका ओळीवरून शेवटपर्यंत बोट फिरवत राहिल्या. त्या म्हणाल्या, मी सगळ्या नातेवाइकांत तुझं नाव सांगत फिरले, मला केवढं तोंडघशी पाडलंस. टेलिफोनबाई मान हलवत राहिली. त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतंच.

"हे सगळं उसवा," शेवटी वन्सं गादीवालीला म्हणाल्या, "आणि तुमच्या हाताने नीट करून द्या. यांचे शर्ट आहेत. मी थांबते हवं तर आठ दिवस."

गादीवाली उठली. ती फळीजवळ गेली आणि तिने दोन्ही हात पसरून वाकडी बाजू झाकली.

"याला कात्री लावायची नाही," ती म्हणाली. "उभ्या जन्मात मी एवढा वाईट टाका ठेवलेला नाही. हा ठेवलाय. मी बघितलंय तिला हे शिवताना. न्यायची तर अशीच न्या, नाहीतर मी पांघरते."

वन्संनी तिच्याकडे बघितलं, भावजयीच्या टोचलेल्या बोटांकडे बघितलं. मग त्या पुढे झाल्या, गादीवालीचे हात हळूच बाजूला केले आणि गोधडीची घडी घालू लागल्या. घडी नीट बसेना, कारण एक बाजू आखडलेली होती. त्यांनी दोनदा मोडून पुन्हा घातली, आणि मग होती तशी ती छातीशी धरली. दारातून बाहेर पडताना त्या भावाला म्हणाल्या, रात्री हिच्याशी बोलणार आहे मी, भरपूर बोलणार आहे, आत्ता मला घरी ने. टेलिफोनबाईला ते ऐकून जरा धीर आला.

दोघीच उरल्या तेव्हा टेलिफोनबाईने डोळे पुसले आणि तोंडभर आभार मानायला सुरुवात केली. पण गादीवाली फुरंगटून बसली होती. बोलेना की बघेना. टेलिफोनबाईने तीनतीनदा विचारलं, अगं झालं काय, आता कशाचा राग?

"जन्मात पहिल्यांदा कोणासाठी वाकडा टाका माझा म्हणून अंगावर घेतला," गादीवाली म्हणाली, "आणि तोसुद्धा तू मला घेऊ दिला नाहीस."