थांबायचा महिना

या, अशा पुढे सरका. दाराशी उभ्या आहात त्याही आत या, तिथे उभं राहून अर्धीच गोष्ट ऐकू येते आणि मग लोक उरलेली अर्धी आपल्या मनाने शिवतात. आज एका शिवणाच्या दुकानाची गोष्ट सांगते. त्यात तीन बायका आहेत, एक आरसा आहे आणि एक महिना आहे. देव माणसाची परीक्षा कधी मोठ्या मैदानात घेतो, कधी दहा बाय बाराच्या खोलीत. ही खोलीतली.

दुकान शाळांच्या गणवेशांचं. कात्री सासूबाईंच्या हातात. वय साठीला टेकलेलं, पण कापड एकदा टेबलावर पसरलं की त्यांची कात्री मध्ये थांबायची नाही. थांबली की कड करवती होते, असं त्या म्हणत. खिडकीजवळच्या मशीनवर त्यांची थोरली लेक, एक्केचाळीस वर्षांची. तिला सगळे ताईच म्हणत. ताईला ऐकू येत नसे, लहानपणी तापात कान गेले असं घरचे सांगत, पण टाका असा सरळ घाली की ऐकू येणाऱ्यांनी बघत राहावं. आणि तिसरी सून. मापाची टेप दिवसभर तिच्या गळ्यात, म्हणून तिचं नाव पडलं इंची. एकदा ती टेप तशीच गळ्यात घालून कुणाच्या लग्नाला गेली आणि फोटोतही तशीच आली.

या तिघींची कामाची रीत निराळी होती. इंची पोराचं माप घेई आणि आकडा तोंडाने न सांगता हाताने दाखवी. मिटलेली मूठ म्हणजे दहा, सरळ बोट म्हणजे एक, वाकवलेलं बोट म्हणजे अर्धा. सासूबाई टेबलावरून बघत, ताई मशीनवरून. मोठं काही बोलायचं असलं तर ताई शिंप्याच्या खडूने कापायच्या टेबलावर लिही आणि बाहीने पुसून टाकी. पण सहसा तिला ओठच पुरत. घरातलं कुणाचंही तोंड समोर असलं की तिला सगळं कळे. म्हणून तिच्यापासून काही लपवायचं असलं की घरातली माणसं सरळ तिच्याकडे पाठ करत. चाळीस वर्षांची सवय.

शाळा उघडायला महिना उरला होता. पोरांना उभं राहायला जागा हवी म्हणून सोमवारी त्यांनी माणूसभर उंचीचा आरसा दारामागून काढून इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या भिंतीला लावला. हे लक्षात ठेवा.

मंगळवारी इंची डॉक्टरीणबाईंकडे गेली. लग्नाला नऊ वर्षं झालेली, त्यातली चार मुलाची वाट बघण्यात गेलेली. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं. आता ती सदतिसाची. या पाळीपासून नवीन औषध सुरू व्हायचं होतं आणि इंचीने ती चिठ्ठी घेण्यासाठी हात पुढेही केला होता.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली नाही. रक्ताचा कागद पुढे सरकवला.

"तुमच्या रक्तात रुबेलापासून संरक्षण नाही. बारीक पुरळ येतं, तो आजार. लहानपणी लस घेतली होती?"

"आठवत नाही. आईला विचारावं तर ती नाही आता."

"काम काय करता?"

"शाळेच्या पोरांची मापं घेते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवसाला किती पोरं?"

"सीझनला ऐंशी तरी."

"मग आधी लस. पोरांना हा आजार दोन-चार दिवसांत सोडून जातो. पण पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाचे कान, डोळे, हृदय, कशालाही धोका पोहोचू शकतो. गर्भ राहिल्यावर ही लस देता येत नाही. आत्ता पाळी आलीय, म्हणजे दिवस नाहीत हे नक्की. शनिवारपर्यंत घ्या. त्यानंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. औषध त्यापुढच्या पाळीपासून."

"एक महिना?"

"एकच."

'एकच' म्हणायला काय जातं, असं इंचीच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून ती घरी आली.

शेजारच्या बटणवालीला सगळ्या गल्लीची खबर. तिने शर्टांच्या बटणांची पुडी देता देता हळूच सांगितलं, "बघ हो बाई, लसीने कूस कोरडी पडते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

"त्या 'म्हणतात'ला एकदा दुकानात घेऊन ये. छातीचं माप घेते त्याच्या."

बटणवाली हसली, इंचीही हसली. पण ते वाक्य काट्यासारखं आत राहिलंच. तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "या लसीने मूल राहायला काही अडचण येत नाही. महिनाभर थांबायचं ते खबरदारी म्हणून. भीती आजाराची धरा." काटा निघाला. पण महिना तसाच उभा.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. जेवताना तो म्हणाला, "अडकलेल्या माणसांना मी बाहेरून सांगतो, फक्त दहा मिनिटं थांबा. ते आतून मला शिव्या घालतात. आज कळलं का घालतात ते."

"तुझं मत सांग ना."

"तू म्हणशील तसं."

"हे मत झालं?"

त्याला वाटत होतं की तिने लस घ्यावी. पण दोन्ही वेळा दवाखान्यातून रिकामी परत आली होती ती, तो नव्हे. कुठल्या तोंडाने सांगायचं, की आणखी थांब?

गुरुवारी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. सासूबाई गडद निळं कापड कापत होत्या. इंची टेबलाला टेकली आणि म्हणाली, "आई, मी नाही घेत लस. चार वर्षं मी एकेक महिना असा हातात धरून काढलाय. आता माझ्या हाताने एक फेकून देऊ? त्या महिन्यातच राहायचं असेल तर? मापं घेताना तोंडाला रुमाल बांधीन."

कात्री थांबली. कापडाच्या मधोमध.

सासूबाईंनी तिचा दंड धरला आणि तिला इस्त्रीच्या टेबलापाशी नेलं. दोघींची पाठ ताईकडे झाली. सासूबाईंचा आवाज इस्त्रीच्या वाफेएवढाच निघत होता.

"रुमाल बांधून भागलं असतं तर मीही बांधला असता गं."

"म्हणजे?"

"ताईला लहानपणी ताप येऊन कान गेले, असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. ती जन्मली तेव्हाच तिला ऐकू येत नव्हतं. मी अठरा वर्षांची होते. तिसरा महिना होता. बहिणीची दोन्ही पोरं पुरळाने आजारी पडली, ती एकटी पडली, म्हणून मी गेले. आठ दिवस त्यांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. मग मलाही आलं, गुलाबी, बारीक. तीन दिवसांत गेलं. मी म्हटलं, सुटले. पुढे मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गरोदरपणी पुरळ आलं होतं का? मी नाही म्हटलं. पण कळायचं ते मला कळलं."

"कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? रोज समोर बसून टाके घालते ती."

तेवढ्यात इंचीच्या ध्यानात आलं की मशीनचा आवाज बंद आहे. तिने मान वर केली. समोर आरसा होता. आरशात दोघींची तोंडं होती आणि त्यांच्यामागे, खिडकीच्या उजेडात, त्यांच्या ओठांकडे बघणारी ताई.

पाठ करायची सवय चाळीस वर्षांची, आरसा तिथे येऊन तीन दिवस झालेले. चूक अशी घडली.

ताई उठली. टेबलापाशी आली. अर्ध्या कापलेल्या निळ्या कापडावरच तिने खडूने लिहिलं, 'ताप नव्हता?'

सासूबाईंनी मान हलवली. नव्हता. त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात ताईपुढे जोडले. अहो, आईने लेकीपुढे हात जोडलेले बघवतात का? इंचीने तोंड फिरवलं.

ताईने आईचे जोडलेले हात धरले आणि एकेक बोट सोडवून खाली मांडीवर ठेवले, कापडाची चुणी सोडवावी तसे. मग इंचीकडे वळली. आता ती लिहीत होती, हातवारे करत होती, लिहिलेलं पुसत होती, आणि तिची बाही खडूने पांढरी झाली होती.

'आईने मला कधी रागावलं नाही,' तिने लिहिलं. 'एकदाही नाही. नऊ वर्षांची असताना मी एका गिऱ्हाइकाचं रेशमी अस्तर कापलं. मार तुझ्या नवऱ्याने खाल्ला. तो नुसता बाजूला उभा होता.'

इंचीला हसू आलं आणि डोळेही भरले.

'मला वाटायचं, मी तिला आवडत नाही म्हणून रागवत नाही. आज कळलं.'

"ताई, मी लस घ्यावी म्हणून सांगताय? तुमच्यासारखं मूल होऊ नये म्हणून?" इंची नीट समोर तोंड करून बोलली.

ताईने मान जोरात हलवली. खडू दाबून लिहिलं. 'मी चुकून कापलेलं कापड नाही. माझ्यासारखी आली तर मी तिला शिवण शिकवीन. माझी भीती धरून घेऊ नकोस.'

"मग?"

ताईने बाहीने जागा पुसली. मग लिहिलं, 'आईला माहीत नव्हतं. तरी एक्केचाळीस वर्षं तिने स्वतःला माफ केलं नाही. तुला माहीत आहे. उद्या काही झालं, तर तू त्या पोराकडे सरळ बघशील? त्याला रागावशील?'

आणि बाहीने पुसायच्या आधी आणखी एक ओळ, 'पोराला रागावता आलं पाहिजे, वहिनी.'

ताई एरवी तिचं नुसतं नावच लिही. थोरली होती ती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने 'वहिनी' लिहिलं.

इंचीने निळ्या कापडाकडे बघितलं. खडूचे पुसट पट्टे आणि मधोमध थांबलेली कात्री. तिचे दोन गेलेले जीव तिला आठवले. त्यांच्यासाठी ती रडली होती, पण त्यांच्यापुढे मान खाली घालायची वेळ तिच्यावर आली नव्हती. तिने गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली आणि नवऱ्याला फोन लावला.

"उद्या सकाळी अर्धा दिवस सुट्टी टाक."

"का?"

"लस घ्यायला जायचंय. आणि हे माझं मत आहे, तुझ्यासारखं नाही."

पलीकडे त्याने इतका मोठा श्वास सोडला की तिने फोन कानापासून लांब धरला.

सुई दंडात गेली आणि आली, तेवढंच. खरं दुखणं पुढच्या दिवसांचं होतं. त्या महिन्यात रस्त्यावरची प्रत्येक पोट पुढे आलेली बाई तिला दिसली. देवापुढे बसली की मागणं सुचेना. नुसती बसून राही. मी म्हणते, तेही देवाला पोहोचतं.

लस घेतल्याला एकोणीस दिवस झाले तेव्हा एक मुलगा मापाला आला. गळ्याभोवती टेप धरताना इंचीला त्याच्या कानामागे बारीक गुलाबी पुरळ दिसलं. मानेवर उतरत चाललेलं.

"उन्हाने आलंय," त्याची आई म्हणाली.

इंचीने टेप पुन्हा नीट लावली. मग तिने आकडा दाखवला, एक मूठ, तीन बोटं, एक वाकवलेलं. "माप झालं," ती त्या आईला म्हणाली, "पण इथून सरळ डॉक्टरकडे न्या. आणि तुमच्या घरी, शेजारी कुणी गरोदर असेल तर आजच सांगा तिला." ते पुरळ उन्हाचं होतं की कशाचं, तिला कधी कळलं नाही. त्याने तिच्या निर्णयात काही फरक पडत नव्हता.

आणि त्याच आठवड्यात ताईने एका कोटाला दोन्ही बाजूंना डावी बाही लावली. सासूबाईंनी कोट उचलला. नेहमीचं "असू दे" ओठांवर आलं. मग त्या थांबल्या, कात्री खाली ठेवली, टेबल ओलांडून ताईच्या अगदी समोर, उजेडात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळे कुठे ठेवले होतेस गं? त्या पोराला काय दोन डावे हात आहेत? एवढी वर्षं शिवतेस आणि बाही कळत नाही? उसव सगळं! आत्ता उसव!"

ताई मशीनवर हात ठेवून ऐकत होती. ओठांवरून नजर हलली नाही तिची. आई थांबल्यावर तिने हातानेच सांगितलं, शेवटचं नीट दिसलं नाही, पुन्हा बोल.

सासूबाई पुन्हा बोलल्या. पहिल्यापासून.

तुमच्या चेहऱ्यांवर प्रश्न दिसतोय मला. औषध सुरू झालंय. वाट बघणं चालू आहे. पुढचं तिला आणि देवाला ठाऊक, आणि तिची काळजी करणारे तिथे पुष्कळ आहेत. माझी विनंती दुसरीसाठी आहे. आज घरी जाऊन हात जोडाल, तेव्हा एका अठरा वर्षांच्या मुलीची आठवण काढा. तिसऱ्या महिन्यातली, बहिणीच्या तापलेल्या पोरांच्या उशाशी आठ दिवस बसून ओल्या घड्या बदलणारी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिची आठवण ठेवा.