डोक्यावरून ओतलेला आशीर्वाद

मित्रांनो, डोंगरावरच्या ओरुरो शहराच्या बाजारात नेमेसियाबाईंच्या दुकानात ज्या काळ्या काचेवर रंगीत कपट्यांच्या पिशव्या आणि बियरच्या बाटल्या मांडलेल्या असतात, ती काच म्हणजे मी. फळी समजून माझ्यावर कोपर टेकू नका. मी एक जुना टीव्ही आहे. एके काळी आमच्या गल्लीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग टीव्ही मीच होतो. माझं चालतं आयुष्य मात्र एका कार्निव्हललाही पुरलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं. चालताना मी तापतो, म्हणून ती ऊब बाहेर जायला त्यांनी माझ्या पाठीत वरच्या बाजूला बारीक फटी ठेवल्या. त्या फटी लक्षात ठेवा. पुढे जहाजातून आणि मग ट्रकमधून डोंगर चढत चढत मी ओरुरोला पोहोचलो.

नेमेसियाबाईंनी मला घेतलं ते वडिलांसाठी. त्यांचं नाव मासेदोनियो, पण घरात सगळे त्यांना ताता म्हणत. जन्मभर कथलाच्या खाणीत राबून तातांच्या छातीत धूळ बसली होती. जिना उतरायचा म्हटलं तरी धाप लागे. तरुणपणी ते कार्निव्हलच्या मिरवणुकीत एका मंडळातून अस्वलाचं सोंग घेऊन नाचत. त्या वर्षी त्यांची नात ल्युसमिला त्याच मंडळातून पहिल्यांदा नाचणार होती, राक्षसिणीचा मुखवटा घालून.

"इतक्या राक्षसिणींत तुला ओळखू कसा गं?" तातांनी विचारलं.

"चौकात टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर आले की मुखवटा वर करीन. फक्त तुमच्यासाठी. तुम्ही घोरत बसू नका म्हणजे झालं!"

"या छातीतून आता घोरणंसुद्धा निघत नाही, पोरी."

मी सीमेपलीकडून आलेला माल. कारखान्याची वॉरंटी मला इथे लागू नव्हती. दुकानदार जी वाढीव वॉरंटी देत होता, तिची किंमत ऐकून नेमेसियाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, टीव्ही विकताय की त्याच्याशी लग्न लावून देताय?" मग त्या बाजारभर विचारत हिंडल्या. शेवटी त्यांच्याच दुकानाशेजारी घडीचं टेबल मांडून बसणाऱ्या अर्सेनियोकडे एका कंपनीची स्वस्तातली वॉरंटी मिळाली.

"कासेरिता," तो म्हणाला. बाजारात बाई गिऱ्हाईक असो की विकणारी, तिला लाडाने असंच म्हणतात. "वीज कडाडो, पडदा जावो, आवाज जावो, मी आहे. बंद पडला तर त्याच दिवशी दुसरा आणून लावीन. फक्त आत पाणी जाऊ द्यायचं नाही. पाणी गेलं की कंपनी हात वर करते."

"टीव्हीला पाणी कोण घालतं रे? तो काय कुंडीतलं झाड आहे?"

दोघंही खो खो हसले. मलाही हसू आलं.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमच्याकडे चाल्या नावाची पूजा करतात. कामाच्या प्रत्येक वस्तूवर बियर शिंपडायची, रंगीत कपटे उधळायचे, म्हणजे धरतीमाता प्रसन्न होते आणि वस्तू दीर्घायुषी होते. या सामानाच्या विक्रीवरच नेमेसियाबाईंचं घर चालत होतं. त्यांनी शेजारी म्हणून अर्सेनियोलाही बोलावलं.

बाईंनी माझ्या कोपऱ्यांवर चार थेंब शिंपडले आणि त्या थांबल्या.

"हे काय, कासेरिता? चिमणीला पाजताय का?" अर्सेनियो म्हणाला. "डोक्यावरून ओता! मनापासून पाजलं तर मनापासून चालेल."

आणि बाटली घेऊन त्यानेच पहिली धार धरली. मग बाईंनी. मग तातांनी. ल्युसमिलाने टाळ्या वाजवल्या. पाणी हा शब्द तेव्हा कुणाच्याही मनात आला नाही, मित्रांनो. तो आशीर्वाद होता. तो आशीर्वाद फटींतून आत उतरत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी ल्युसमिला मुखवटा काखेत मारून गेली. तातांनी स्वच्छ सदरा घातला, हॅट चढवली आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली. मी सुरू झालो. पितळी वाद्यं दुमदुमली, झगे झगमगले.

"रंग बघ, नेमेसिया! रंग बघ!"

तेवढ्यात माझ्या पोटात चर्र झालं. पडदा जांभळा पडला, मग काळा. ल्युसमिलाचं मंडळ अजून चौकात यायचं होतं.

बाईंनी अर्सेनियोला ओढतच आणलं. त्याने माझी पाठ उघडली. आतल्या तारा बियरने चिकट झाल्या होत्या आणि त्यांच्यावर एक पिवळा कपटा बसला होता.

"पाणी," तो म्हणाला.

"पाणी कुठलं? चाल्या केली आपण! पहिली धार तूच धरलीस!"

"तेव्हा मी पाहुणा होतो, कासेरिता. आता मी कंपनीचा माणूस आहे."

"अरे, तुझ्याकडे दुसरा संच आहे. आजच्या दिवस दे. संध्याकाळी परत ने."

"आज तुम्हाला दिला तर उद्या आख्खं ओरुरो ओल्या पाठी घेऊन माझ्या दारात उभं राहील."

त्याने माझी पाठ तशीच उघडी टाकली. आदल्या दिवशीची अर्धी बाटली टेबलावर होती. ती संपवून तो गेला.

खालच्या मजल्यावर प्रिमितिवाबाईंकडे एक लहान टीव्ही होता. नेमेसियाबाई धावत खाली गेल्या. जिन्यातून सगळं वर ऐकू येत होतं.

"घटकाभर वर द्या हो. म्हाताऱ्यासाठी."

"परवापर्यंत ते खोकं होतं ना? 'तुमच्या खोक्यात माणसं उंदराएवढी दिसतात' असं कोण म्हणालं होतं? राहू दे बाई. तुझी राजकन्या उंदीर दिसायला नको."

दार आपटल्याचा आवाज आला.

वर येऊन नेमेसियाबाईंनी सगळा राग तातांवर काढला. "तुमच्यापायी झालं हे! मोठाच पडदा हवा होता तुम्हाला. एक पाय थडग्यात, तरी हौस फिटत नाही!"

बोलल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण शब्द काही बाटलीत परत जात नाहीत.

तातांनी नजर माझ्यावरच ठेवली. माझ्या काळ्या काचेत त्यांना हॅट घातलेला एक म्हातारा दिसत होता. लांबून वाद्यांचा आवाज येत होता. एक पथक गेलं की दुसरं येई. त्यातलं आपलं कुठलं, हे त्यांना कळत नव्हतं.

दिवस मावळल्यावर ल्युसमिला आली. पायांना फोड आले होते, डोळे चमकत होते.

"ताता, दिसले का मी?"

"दिसलीस तर! चौकात आलीस, मुखवटा वर केलास आणि हसलीस. थेट तुझ्या आजीसारखी."

ती जागीच थांबली. "मुखवट्याचा पट्टा अडकला होता, ताता. चौकात तो निघालाच नाही. मी तेच सांगायला धावत आले." मग तिला माझी उघडी पाठ दिसली. "दिवसभर मी कुणासाठी नाचले? आणि वर खोटंही बोललात!"

ती आत गेली. ताता हॅटची कड चाचपत बसले. त्यांनी पुढचा कार्निव्हल पाहिला नाही.

मला दुरुस्त करणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी दुकानाची फळी झालो. शेजारी अर्सेनियो अजून वॉरंटी विकतो. चाल्येच्या दिवशी तो नेमेसियाबाईंकडूनच कपटे घेतो, आणि त्या मुकाट्याने देतात. बाजार एकच आहे, जाणार कुठे?

मित्रांनो, तुमच्या घरी नवी वस्तू येईल, तेव्हा तिच्यावर जरूर माया करा. पण तिला काय सोसतं, ते आधी विचारा. कुणी म्हणालं, "फक्त पाणी नको," तर हसू नका. पाणी म्हणजे काय काय, ते तिथल्या तिथे विचारून घ्या. आणि शेजारणीच्या टीव्हीला खोकं म्हणू नका.

पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या दिवशी दुपारीच सगळा माल संपला आणि माझी काच मोकळी झाली. नाचता नाचता ल्युसमिला रांग सोडून दुकानापाशी आली. ती माझ्यावर वाकली. मुखवटा वर केला आणि हसली.

मी पाहिलं, मित्रांनो. पण आता दाखवू कुणाला?