आठ वाजताचं ‘चालू आहे’

रक्तपेढीच्या कचेरीत तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. हे बारसं कोणी केलं देव जाणे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कोणत्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे गावोगावचे दवाखाने एका वेबसाइटवर बघत. ती वेबसाइट चालू ठेवणं हे तिचं काम. एका शनिवारी ती चार तास बंद पडली आणि कचेरीत कोणाला पत्ताच नाही. सोमवारी साहेबांनी नुसतं विचारलं, की आपलं बंद पडलेलं आपल्याला दवाखान्यांनी सांगायचं का? त्यांनी आवाज चढवला असता तर परवडलं असतं.

मग दोन दिवस डोकं घालून तिने बंदोबस्त केला. एक छोटासा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी वेबसाइटचं दार ठोठावणार, आतून ओ आली नाही की तिला ईमेल धाडणार. तपासायला तिने वेबसाइट मुद्दाम बंद केली, आणि चौथ्या मिनिटाला मेल हजर. स्वारी खूश. मुद्दाम पाडून बघितल्याशिवाय कशाचा भरवसा धरू नये, असं त्या रविवारी ती आप्पांनाही ऐटीत सांगून आली.

आप्पा म्हणजे तिचे वडील. आई गेल्यापासून चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात उभी हयात गेलेली. रोज एक फोन करत जा, असं नुसतं म्हटलं तरी उसळायचे. मी काय शाळेतला पोरगा आहे हजेरी द्यायला, काही झालं तर कळवीन की! झालं, विषय संपला. हट्टात बापलेक एकमेकांना हार जाणारे नव्हते. पण खरं सांगायचं तर, फोन नाही म्हणजे सगळं ठीक, हे मानणं तिलाही सोयीचंच होतं.

तीन आठवडे एकही मेल आला नाही. ती निवांत. मग एका मंगळवारी साडेअकराला एका दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. साइट सकाळपासून उघडत नाही, आज उघडायचा विचार आहे की नाही, असं बाईंनी खोचकपणे विचारलं. सर्व्हरबाई धावत सर्व्हरच्या खोलीत गेली तर मशीन थंडगार. त्याला वीज पुरवणारा भागच जळाला होता. ते ठीक, पण मेल का आला नाही? कारण सापडलं तेव्हा तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पहाऱ्याचा प्रोग्राम तिने त्याच मशीनवर बसवला होता. तपासताना तिने नुसती वेबसाइट बंद केली होती, मशीन नव्हे.

जळका भाग बदलता बदलता वायरमनकाका गालातल्या गालात हसले.

“म्हणजे बुडणाऱ्यानंच काठावर येऊन सांगायचं होतं, मी बुडतोय म्हणून.”

हसण्यावारी नेण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. पहारा तिने शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या मशीनवर हलवला, या खेपेला सरळ सर्व्हरचा प्लगच उपटून बघितला, आणि मेल आला. तो वाचता वाचता तिचं हसू मावळलं. काही झालं तर कळवीन की. अहो, पण कळवणार कोण?

तिने आप्पांना फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. साहेबांना काय सांगून ती निघाली, हे तिला नंतर आठवेना. जवळच्या किल्लीने तिने दार उघडलं तेव्हा दोन वाजले होते.

आप्पा स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते, ओट्याला पाठ टेकून. सकाळी आठाच्या सुमारास पाय घसरला होता. घोटा टम्म सुजलेला, उठता येईना, फोन बाहेरच्या खोलीत.

“वाजत होता,” ते म्हणाले. “तुझाच असणार, कळत होतं मला.”

आणि त्यांनी तोंड फिरवलं. आईच्या वेळीसुद्धा तिने त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. सहा तास. त्या शनिवारी सर्व्हर पडला होता त्याहून दोन तास जास्त.

हाड शाबूत होतं, तेवढं नशीब. डॉक्टरांकडून आल्यावर तिने उपदेशाचे डोस पाजले नाहीत. आपल्या मशीनची फजिती तेवढी सांगितली. आप्पा ऐकता ऐकता रंगात आले. तुम्ही शिकलेली माणसं सगळं उलटं बांधता, म्हणाले. आमच्या पंपघरातून दर तासाला मुख्य कचेरीत फोन जायचा, ‘चालू आहे’ म्हणून. बिघडल्याचा नाही, चालू असल्याचा! तो फोन चुकला की तिकडून सायकलवाला बघायला निघायचा.

बोलता बोलता ते थांबले. आपण आपल्याच शब्दांत सापडलो हे त्यांच्या ध्यानात आलं. पायाच्या पट्टीकडे बघत ते म्हणाले, “आठ वाजता. दिवसातून एकदाच. आणि त्याला हजेरी म्हणायचं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ठीक आठला मेसेज यायला लागला. चालू आहे. दीड महिन्यात एकदाही खाडा नाही. मग एका गुरुवारी आठ वाजले, आठ वाजून पाच मिनिटं झाली, मेसेज नाही. फोन लावला तर नुसता वाजत राहिला. तिने गॅस बंद केला, पायांत येतील त्या चपला सरकवल्या, केसांत कंगवा तसाच. चार गल्ल्या ती कशी पळाली तिचं तिला माहीत. जिना चढून किल्ली लावणार तोच दार उघडलं. आप्पा दारात उभे, चांगले धडधाकट, हातात घड्याळ.

“चौदा मिनिटं,” ते म्हणाले. “आमचा सायकलवाला बारा मिनिटांत यायचा.”

तिला भयंकर संताप आला. थट्टा करायची ही वेळ आहे का, वय आहे का? आप्पांनी घड्याळ खिशात टाकलं आणि आवाज उतरवला.

“तूच म्हणाली होतीस ना, मुद्दाम पाडून बघावं म्हणून. मला एकदा बघायचं होतं, कोणी निघतं का.”

डोळे पुसत ती आत गेली. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक त्यांनी अर्धा संपवला होता, आणि दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली होती.