काजळाचं बोट

ममता मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. नंदुरबारच्या वेशीबाहेर लाल मिरची वाळत घालतात, त्या मैदानांवर. दिवसभर तिथं बसलेल्या बाईचे हात संध्याकाळी चुलीत घातल्यासारखे पेटतात. कुणी ताक चोळतं, कुणी तेल. ममताही तेल चोळून, साबणानं हात धुऊनच घरात शिरायची. दोन वर्षांपूर्वी अशीच शिरली आणि लेकीला, रोहिणीला, काजळ घातलं. बोटानंच; काजळ आईच्या बोटानं घालायचं असतं, तशी रीतच आहे. धुतलेल्या नखात तिखट राहतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पोर रात्रभर डोळा चोळत राहिली. सासूनं मध घातला, कुणी अंगारा लावला. दवाखाना गाठेपर्यंत जखम चिघळली होती. एका डोळ्यात पांढरं फूल पडलं. आता सहा वर्षांच्या रोहिणीला त्या डोळ्यानं उजेड तेवढा कळतो.

तेव्हापासून ममतानं लेकीला हात लावला नव्हता. न्हाऊ घालायची सासू, वेणी घालायची सासू, डोळ्यात रोजचे थेंब टाकायची तीही सासूच, भिकुबाई. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आई मोठी कडक आहे.

हिवाळ्यात एका संस्थेनं पथारीवरच्या बायांसाठी समाजमंदिरात वर्ग सुरू केला. मन शांत कसं करावं, स्वतःशी मायेनं कसं वागावं, ते शिकवायचा. शेजारच्या जसोदाबाईला काजळाची गोष्ट ठाऊक होती; तिनं ममताला ओढूनच नेलं. शिकवायला नवापूरकडच्या नर्स प्रिस्किलाताई होत्या. त्या शाळेतली मराठी बोलत, आणि कुणी चुकलं तरी आवाज चढवत नसत.

"तळवे एकमेकांवर चोळा," त्या म्हणाल्या, "आणि अलगद मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा."

कुणीच हात उचलेना. मग जसोदाबाई म्हणाली, "ओ ताई, आम्हना हात डोयाले लावात ते सरकारी दवाखानामाच वर्ग भरी!"

बाया खो खो हसल्या. ममतानं मात्र हात मांडीखाली सारले. प्रिस्किलाताई ओशाळल्या. "चुकलं माझं. मला सुचायला हवं होतं. पदरावरून छातीवर ठेवा."

मग त्यांनी जोड्या लावल्या. आपल्या हातून झालेली चूक मैत्रिणीच्या हातून झाली असती, तर तिला काय म्हटलं असतं, ते सांगायचं. जसोदाबाईनं ममताकडं तोंड केलं आणि हळूच म्हणाली, "समज, मन्ही पोरना डोया मन्हा हातखाल गया."

ममता पटकन बोलून गेली, "तू जाणीसन करं का, बाई? तुले काय माहीत व्हतं?"

"हाई आते सोताले सांग."

ममताचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. ताई जवळ येऊन बसल्या. "आज नाही निघालं तर नाही. नुसतं बघा, श्वास कुठं अडतो ते."

श्वास गळ्याशी अडत होता. तेवढं तिला कळलं, आणि तेवढंच घेऊन ती घरी आली.

घरी सासू नव्हती. धानोऱ्याला कुणी वारलं होतं, ती दारावर भेटायला गेली होती. रोहिणी थेंबांची बाटली घेऊन उभी.

"माय, तू टाक ना."

"आजी येवू दे."

"आजी सकाये येवाव शे."

ममतानं हात धुतले. पुन्हा धुतले. लिंबू चोळून परत धुतले. "मन्हा हात कापतस, बेटा."

"आजीना बी कापतस," म्हणत रोहिणीनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि आपल्याच बोटांनी पापणी उघडून धरली.

ते पांढरं फूल ममतानं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. श्वास गळ्याशी आला, तिथंच थांबला. तिनं तो थांबू दिला. सुटला, तेव्हा बाटली दाबली. पहिला थेंब गालावर ओघळला. दुसरा डोळ्यात पडला.

"रोहिणी," ती म्हणाली, "हाऊ डोया मन्हा हातखाल गया."

"माहीत शे. आजीनी सांगेल शे."

ममताच्या हातात बाटली उघडीच राहिली. जे ती दोन वर्षं लेकीपासून लपवत होती, ते तिला ठाऊकच होतं. पोर आणखी काहीतरी म्हणेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. "जाऊ दे, माय" असं काही. पण सहा वर्षांची पोर ती. तिला कुठून सुचणार? "झाकण लाव ना, सांडी जाई," एवढंच ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

ममतानं झाकण लावलं. बाहेर अंधारून आलं होतं, चूल पेटवायची होती. पण लेकीचं डोकं मांडीवर होतं, आणि ती उठली नाही.